दोन खोल्यांची ट्रायल

धर्मराज अंभोरे यांना एकच वस्तू दाखवून मत विचारलं की ते गप्प बसतात. दोन ठेवल्या की बोलतात. मुलासाठी, म्हणजे कल्याणसाठी, मंठ्याला मुलगी बघायला गेले तेव्हा पोहे झाले, चहा झाला, मुलगी काय शिकली, पुण्यात कुठं नोकरी करते हे सगळं विचारून झालं. परतीच्या वाटेवर पुष्पाबाईंनी नवऱ्याला विचारलं, कशी वाटली पोरगी. धर्मराज म्हणाले, एकच बघितली, कसं सांगावं. पुष्पाबाई जालना येईपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. लग्न झालं, कारण कल्याणनं कसलीही तुलना न करता होकार देऊन टाकला होता.

यात त्यांचा फारसा दोष नाही. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत त्यांनी उभी हयात वाणांच्या ट्रायल घेण्यात घालवली. एकाच रानात शेजारी-शेजारी तुकडे पाडायचे, एकात हे वाण पेरायचं, दुसऱ्यात ते, आणि हंगामभर बघत राहायचं की सरस कोणतं. ऐकायला सोपं आहे. पण एका तुकड्याला खत जास्त पडलं की निकाल वाणाचा राहत नाही, खताचा होतो. म्हणून अंभोरे साहेबांचे नियम होते. एकाला जे दिलं ते दुसऱ्यालाही द्यायचं, त्याच दिवशी आणि तेवढंच. काठाच्या ओळी मोजायच्या नाहीत, कारण त्यांना ऊन-वारा जास्त मिळतो आणि त्या उगाच भाव खातात. आणि ज्याचं बियाणं धरायचं त्याच्यात शेजारच्याचे पराग मिसळू नयेत म्हणून मध्ये भरपूर अंतर सोडायचं. हे नियम त्यांनी कधी मोडले नाहीत. अंभोऱ्यांनी पास केलेलं वाण रानात फसलं असं बाजारात कुणी म्हणत नसे, आणि बियाण्याच्या बाजारात लोक काय वाट्टेल ते म्हणतात.

कंपनीचे मालक अप्पाराव यांचा तर त्यांच्यावर इतका भरवसा, की ऑफिसात कोणती चहापत्ती आणायची याचीसुद्धा एकदा ट्रायल झाली होती. दोन किटल्या, दोन पाट्या, आणि कोणत्या किटलीत काय आहे हे फक्त अंभोरे साहेबांना ठाऊक. जी पत्ती जिंकली ती कुणालाच आवडत नव्हती असं नंतर निघालं, पण निकाल लागून गेला होता. आजही तोच चहा आहे.

अशा या कंपनीला सॉफ्टवेअर हवं झालं. बाहेरच्या कुणी करून दिलेलं एक होतं, पण त्यात विकून, पेरून, उगवून, कापून झालेलं बियाणं गोदामात शिल्लक दिसायचं. अप्पारावांनी ठरवलं की आता घरचीच माणसं नेमून करून घ्यायचं. माणसं मिळाली दोन, आणि दोघांचं एकमेकांशी पटेना.

एक अबुबकर. जुन्या जालन्यातला, काही वर्षं हैदराबादला नोकरी करून परत आलेला, नीटनेटका, बोलण्याआधी समोरचा कागद सरळ करणारा. दुसरी आकांक्षा. ही मंठ्याची तीच पोरगी, आता अंभोऱ्यांची सून. तिला नोकरी सासऱ्यांनी लावली नव्हती. तिनं अर्ज केल्याचं त्यांना इतरांच्या नंतर कळलं.

एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. प्रोग्राम म्हणजे वरून खाली वाचत जायची सूचनांची शेपटी नव्हे, तो वस्तूंचा बांधायचा. एक नंबर देऊन आत घेतलेला बियाण्याचा माल, म्हणजे लॉट, ही एक वस्तू. पोतं ही एक. उगवण चाचणी ही एक. प्रत्येक वस्तूनं आपली माहिती आपल्यापाशी ठेवायची, आपलं काम आपण करायचं, आणि दुसरीकडचं काही हवं असलं तर तिला विचारायचं, परस्पर तिच्या घरात हात घालायचा नाही. याला ते ऑब्जेक्ट म्हणत. अंभोरे साहेबांना हे ऐकताक्षणी पटलं. माणसांना असं वागवता आलं तर किती बरं, असंही ते म्हणाले, आणि बोलताना त्यांनी आपल्या साडूचं नाव घेतलं.

भांडण होतं ते या वस्तू शोधायच्या कशा यावर. अबुबकरचं म्हणणं, आधी सगळं चित्र काढायचं. सॉफ्टवेअर कोण-कोण वापरणार, काय-काय करणार, ते एकेक लिहून काढायचं. त्यावरून वस्तू ठरवायच्या, कोणाचं कोणाशी नातं त्याचे बाण काढायचे, मालकाची सही घ्यायची, आणि मगच कोडला हात लावायचा. नकाशा नसताना पाया खणणाऱ्याला गवंडी म्हणत नाहीत, असं तो शांतपणे म्हणे. आकांक्षाचं म्हणणं नेमकं उलटं. माणसाला काय हवं ते त्यालाच आधी माहीत नसतं, दाखवल्यावर कळतं. म्हणून एकेक गरज चार ओळींत एका कार्डावर लिहायची, तेवढीच करायची, ती बरोबर चालते का हे तपासणारी टेस्ट आधी लिहून ठेवायची, दर पंधरवड्याला वापरणाऱ्यांना दाखवायचं आणि ते सांगतील तसं बदलायचं. वस्तू काम करता-करता सापडतात, भिंतीवरच्या चित्रात सापडत नाहीत, असं ती म्हणे. हे म्हणताना ती शांत नसे.

अप्पारावांनी दोघांचं ऐकलं आणि त्यांना जे येत होतं तेच केलं. दोघांना दोन-दोन माणसं दिली, माल आत येण्यापासून उगवण चाचणीपर्यंतचं तेच एक काम दोघांना दिलं, आणि एक हंगाम ठरवला. जी पद्धत सरस ठरेल ती पुढच्या सगळ्या कामाला. दुसऱ्याला कंपनीत जागा नाही. तुलना अंभोरे साहेब करतील.

अंभोरे साहेबांनी सांगून बघितलं की यातली एक माझी सून आहे. अप्पाराव म्हणाले, तुम्ही सख्ख्या भावाच्या रानातला प्लॉट नापास केलेला माणूस, तुमच्याइतका दुसरा कोण मिळणार. हे खरंच होतं. भाऊ अजून दिवाळीला येत नाही.

आता यात अंभोऱ्यांचं काय पणाला लागलं होतं ते सांगितलं पाहिजे. आकांक्षानं घरात स्वच्छ सांगून ठेवलं होतं की निकाल उलटा लागला तर ती पुण्याची जुनी नोकरी परत धरणार. कल्याणचं काम सगळं फोनवरचं, तो तिच्या मागं जाणार हे उघड होतं. मुलगा जाईल याचं धर्मराजांना वाईट वाटलंच असतं, पण मुलगे जातात. त्यांना भीती होती ती सून जाण्याची. कारण असं होतं की घरात आणि कंपनीत त्यांचा शब्द प्रमाण मानत. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी उलटून विचारलं नव्हतं. ही पोरगी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, ते जेवताना अमुक ज्वारीची भाकरी गोड लागते असं काहीतरी बोलले, तेव्हा म्हणाली, कशावरून? पुष्पाबाईंच्या हातातलं उलथणं जागीच थांबलं. धर्मराज आधी चिडले, मग समजावून सांगू लागले, आणि सांगता-सांगता त्यांच्या लक्षात आलं की त्यांच्याकडं पुरावा नाही. त्या रात्री त्यांना फार बरं वाटलं. तेव्हापासून रोज जेवताना एक तरी कशावरून व्हायचं. त्या शब्दाची त्यांना चटक लागली होती, आणि तसं कबूल करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

ट्रायल लागली तशी त्यांनी पहिलं काम अंतर राखण्याचं केलं. अबुबकरची खोली वजनकाट्याशेजारी, आकांक्षाची पार पलीकडं उगवण प्रयोगशाळेच्या वर, मध्ये गोदाम. दोघांच्या चहाच्या वेळा वेगळ्या. पाण्याचे जार वेगळे. सासरा-सून सकाळी एकाच घरातून एकाच वेळी निघत, पण ते मोटारसायकलवर आणि ती स्कूटीवर, मध्ये एक ट्रक मावेल एवढं अंतर सोडून. आणि घरात नियम झाला की कामाचा चकार शब्द बोलायचा नाही. पहिल्या रात्री आकांक्षा सवयीनं काही बोलायला गेली तर धर्मराजांनी हात वर केला. कढीचे भुरके तेवढे ऐकू येत होते.

पुष्पाबाईंना हे बिलकुल मान्य नव्हतं. "रानात ठेवा की अंतर," त्या म्हणाल्या, "ताटात कशाला?"

धर्मराज म्हणाले की पराग ताट बघत नाहीत.

मग ते रोज दोन्ही खोल्यांची फेरी मारू लागले. पहिला पंधरवडा त्यांनी हिशेबात धरला नाही, ती काठाची ओळ. दुसऱ्यात आकांक्षाच्या मंडळींनी प्रयोगशाळेतल्या मालनबाईंना बोलावून थोडंसं तयार झालेलं दाखवलं. मालनबाई म्हणाल्या की रंग फिका आहे, आणि एखादा लॉट उगवणीत नापास झाला तर आम्ही परत चाचणी लावतो, ती कुठं टाकायची? आकांक्षानं लगेच नवं कार्ड लिहिलं. अंभोरे साहेबांनी ते पाहिलं. एका प्लॉटला मालनबाई मिळाल्या आणि दुसऱ्याला नाही. ते तडक गोदाम ओलांडून अबुबकरकडं गेले आणि म्हणाले, तुम्हालाही मालनबाई दिल्या पाहिजेत. अबुबकरनं कागद सरळ केला आणि म्हणाला की आमचं चित्र अजून पुरं झालेलं नाही, दाखवायला काही नाही. साहेब म्हणाले, जे आहे ते दाखवा, तिकडं दाखवलंय. मालनबाई आल्या. चित्रातले बाण बघून घाबरल्या, पण परत चाचणीचं त्यांनी तिथंही विचारलं. अबुबकरनं त्या रात्री अर्धं चित्र पुसलं, आणि बाणांपेक्षा चालतं काहीतरी दाखवलं तर बाई कमी घाबरतील, म्हणून थोडं कोडही लिहून ठेवलं.

तिकडं आकांक्षाच्या खोलीत दुसरंच होऊन बसलं. दर पंधरवड्याला नवी गरज यायची आणि सोपं पडतं म्हणून ती लॉट या वस्तूच्या गळ्यात बांधली जायची. लॉटला शेतकरी ठाऊक, ट्रक ठाऊक, पोत्याचं वजन ठाऊक, मालनबाईंची सुट्टी ठाऊक. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखी त्या लॉटची अवस्था झाली होती. टेस्ट सगळ्या पास होत असल्यानं कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. अंभोरे साहेबांना यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण एवढं दिसलं की त्या खोलीत भिंतीवर चित्रं आहेत आणि या खोलीत भिंत कोरी. बरोबरी नाही. त्यांनी सुनेला सांगितलं, भिंतीला चित्र लावा. ती म्हणाली, आमच्यात लावत नाहीत. ते म्हणाले, तिकडं लावलंय. तिनं वैतागून काढलं, आणि काढल्यावर बघितलं तर सगळे बाण एकाच चौकोनात घुसलेले. ती त्याच्यापुढं बराच वेळ उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या मंडळींनी लॉटचं ओझं बाकीच्या वस्तूंना वाटून दिलं.

असं हंगामभर चाललं. इथं टेस्ट आधी लिहितात, मग तिथंही लिहा. तिथं कोण काय करणार याची वर्णनं लिहिलीत, मग इथंही लिहा. एकाला जे दिलं ते दुसऱ्यालाही, त्याच दिवशी, तेवढंच. इतकी चोख ट्रायल आपण आयुष्यात घेतली नाही असं त्यांना वाटत होतं, आणि रात्री ते समाधानानं, न बोलता जेवत होते.

निकालाच्या दिवसाला त्यांनी शिवारफेरी म्हटलं. वाण तयार झालं की शेतकरी आणि दुकानदार प्लॉटमधून फेरी मारतात आणि बघून ठरवतात, तशी अप्पाराव आणि सगळे कामगार आधी एका खोलीत, मग दुसरीत जाणार होते. फेरीच्या आधी, सकाळी, कुणी यायच्या आत, साहेब एकटेच बघून घ्यायला निघाले. एका खोलीत शिरले. भिंतीवर चित्रं, टेबलावर कार्डं, पडद्यावर पास झालेल्या हिरव्या टेस्ट, फळ्यावर मालनबाईंच्या पुढच्या भेटीची वेळ. दुसऱ्या खोलीत गेले. भिंतीवर चित्रं, टेबलावर कार्डं, पडद्यावर हिरव्या टेस्ट, फळ्यावर मालनबाई. साहेब मध्येच थांबले. आपण वजनकाट्याशेजारी आहोत की प्रयोगशाळेच्या वर, हे खिडकीतून बघितल्याशिवाय त्यांना सांगता येईना.

दोन वेगळी वाणं पेरली आणि पीक एकसारखं आलं, तर रानातला माणूस एकच गोष्ट समजतो. मिसळ झाली. कुणीतरी अंतर मोडलं. साहेबांनी मनात एकेकाला उभं केलं. चहावाला? त्याच्या वेळा वेगळ्या होत्या. पाण्याचे जार? मालनबाई? त्या दोन्हीकडं जात होत्या खऱ्या, पण त्यांना दोन्हीकडं धाडलं कुणी? मग ते गोदामात गेले आणि पोत्यांच्या थप्पीवर बसले. हंगामभर एका खोलीतून दुसरीत रोज जाणारा, इकडचं तिकडं सांगणारा माणूस एकच होता. खत, पाणी सारखं द्यायचं असतं. ज्याची तुलना करायची ते वाणच सारखं करायचं नसतं. इथं पद्धत हेच वाण होतं, आणि बरोबरी करता-करता त्यांनी दोन्हीकडं एकच पेरलं होतं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, तेही प्रामाणिकपणे.

त्यांना लाज वाटली. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, त्याची जास्त लाज वाटली. हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आकांक्षाच्या खोलीतल्या सॉफ्टवेअरमध्ये चुका जरा कमी होत्या, ते कागदोपत्री दाखवता आलं असतं. एक शब्द बोलायचा की सून जालन्यात राहिली. आपलं नाव राहिलं. अबुबकर हुशार पोरगा, त्याला हैदराबादेत दहा जण घेतील. धर्मराजांना ती घरात हवी होती. त्यांना तिच्यावाचून ते जेवणाचं ताट आठवतच नव्हतं, आणि हंगामभराच्या मुक्या जेवणांनी ते कसं असेल याचा नमुना त्यांना दाखवला होता. थप्पीवर बसून त्यांनी तो शब्द मनात दोनदा बोलून बघितला. चांगला वाटला. तिथंच त्यांना संशय आला, कारण आपल्याला हवा तो निकाल आला की परत मोजायचं, हाही त्यांचाच नियम होता.

अप्पाराव आले, सगळे जमले. अंभोरे साहेबांनी फेरी सुरू होऊ दिली नाही. ते म्हणाले, ट्रायल बाद. मिसळ झाली आहे आणि ती मी केली आहे. कशी केली तेही त्यांनी सांगितलं, काही न गाळता. अबुबकर हातातला कागद सरळ करत होता, तो थांबला. आकांक्षा जमिनीकडं बघत होती.

अप्पाराव म्हणाले, "अंभोरे, तुमची ट्रायल बाद झाल्याचं मला आठवत न्हाई."

"मलाबी न्हाई."

"बरं, बाद तर बाद. तुमच्या मनाला कोणतं सरस वाटून राह्यलं, ते तर सांगा."

"माझ्या मनाला विचारू नका साहेब," धर्मराज म्हणाले. "त्यातली एक माझ्या घरी जेवती."

कंपनीचा रिवाज असा की ट्रायल बाद झाली तर वाणं टाकून देत नाहीत, पुढच्या हंगामात तीच दोन्ही परत पेरतात. अप्पारावांनी तो रिवाज इथंही लावला. दोघंही राहतील, पुढचं काम दोघांना परत मिळेल. फक्त तुलना करायला दुसरा माणूस बाहेरून येईल. अंभोरे साहेबांनी भेंडीच्या ट्रायलकडं बघावं.

ते भेंडीकडं गेले. संध्याकाळपर्यंत एमआयडीसीत दोन मतं झाली होती. एक, की सून हरत होती म्हणून म्हाताऱ्यानं ट्रायलच मोडली. दुसरं, की सून जिंकत होती आणि त्याला ते बघवलं नाही. वजनकाट्यावर दोन्ही मतं त्यांच्यासमोरच बोलली गेली. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर असं कुणी बोललं नव्हतं. ते मोटारसायकलला किक मारून निघाले, आणि स्कूटी मागं आहे की पुढं हे त्यांनी बघितलं नाही.

रात्री पानं वाढली. धर्मराज खाली मान घालून जेवत होते. पुष्पाबाईंनी सुनेकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि कुणाला उद्देशून नाही असं म्हणाल्या, की आता परीक्षक नाहीत तर तो नियम तरी कशाला. धर्मराजांनी मान हलवली. नियम गेला.

"मामा," आकांक्षा म्हणाली, "आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही तिकडलं इकडं आणता ते. मला बी आणि अबुबकरला बी. दोन्ही खोल्यांत आम्ही तुमची वाट बघायचो. तुम्ही आल्याबिगर दिवसाचं काम पुढं सरकायचं न्हाई. तो तर म्हणतो, असा एक माणूस मध्ये हिंडता ठेवणं हीच पद्धत झाली आमची."

धर्मराजांच्या हातातला घास तसाच राहिला. ते म्हणाले, "मंग मला सांगितलं का न्हाई?"

"घरात कामाचं बोलायचं न्हाई, असं तुम्हीच सांगितल्तं."

पुष्पाबाईंना हसू आवरेना म्हणून त्या भाकरी आणायला आत गेल्या. भाकरी टोपलीत भरपूर होत्या.

आकांक्षानं कढी ओढून घेतली. "आणि दोन्हीकडं चांगलं काम झालं, एकबी लॉट हरवला न्हाई, तरी तुम्ही सगळ्यांसमोर उभं राहून म्हणलात की ट्रायल बाद. कशावरून?"

धर्मराजांनी घास ताटात ठेवला, ताट जरा बाजूला सारलं, आणि मांडी नीट घालून बसले.